कर्करोग आणि वनस्पतीजन्य औषधे : डॉ. मनसुख वाणी यांच्या संशोधनाचा बोध

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त दिघा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची पन्नास वर्षे पूर्ण होणे हा जसा आनंदाचा प्रसंग, तसाच हिशेबाचाही. व्यापारी मनुष्य दिवाळीला वहीपूजन करतो, तेव्हा नव्या वहीवर कुंकू वाहण्याआधी जुन्या वहीची बेरीज तपासतो. जमा किती, नावे किती, आणि कोणती उधारी वेळेवर वसूल न केल्यामुळे बुडाली, हे त्याला तेव्हा कळते. समाजाच्या आरोग्याच्या वहीतही अशी एक बुडीत रक्कम वर्षानुवर्षे लिहिली जात आहे. ती रक्कम पैशाची नाही, वेळेची आहे. त्या बुडालेल्या वेळेचा हिशेब मांडणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

घरात कोणाला कर्करोग झाल्याचे निदान झाले की बहुतेक कुटुंबांत तीन गोष्टी घडतात. पहिली, आजाराचे नावच उच्चारले जात नाही. ‘गाठ आहे’, ‘मोठे दुखणे आहे’ असे मोघम सांगितले जाते. मुलामुलींच्या सोयरिकी व्हायच्या असतात, म्हणून नातेवाइकांनाही कळू न देण्याची धडपड चालते. दुसरी, कोणीतरी हितचिंतक अमक्या पाल्याचा रस किंवा तमक्या मुळीचा काढा आणून देतो. तिसरी, रुग्णालयाची तारीख पुढे ढकलली जाते. ‘आधी महिनाभर हे करून पाहू. झाडपाल्याचेच तर आहे, अपाय थोडाच होणार!’ असे म्हटले जाते. तो एक महिना पुढे तीन महिने होतो आणि लहान गाठ मोठी होते.

मग झाडपाल्यात कर्करोगाचे औषध नसते काय? असते, निश्चित असते. आज जगभरच्या रुग्णालयांत दिली जाणारी काही अत्यंत प्रभावी औषधे झाडांच्या सालीतून, पानांतून आणि मुळांतूनच मिळालेली आहेत. त्यांतील दोन औषधांच्या शोधात ज्या शास्त्रज्ञाचा मोलाचा वाटा आहे, तो आपल्या महाराष्ट्रातील नंदुरबारचा सुपुत्र होता. त्यांचे नाव डॉ. मनसुख वाणी. त्यांच्या कार्याची कथा नीट समजून घेतली, तर झाड आणि औषध यांत किती अंतर असते आणि ते अंतर कसे ओलांडावे लागते, हे कोणालाही उमगेल. परंतु औषध समजण्यासाठी आधी रोग समजला पाहिजे.

मानवी शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रात डीएनए नावाची एक वही आहे आणि तिच्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. पेशीने काय करावे, कधी वाढावे, कधी थांबावे, हे सर्व त्या वहीत लिहिलेले असते. जुन्या पेशी झिजतात, नव्या तयार होतात. एका पेशीच्या दोन पेशी होताना या संपूर्ण वहीची नक्कल करावी लागते. मुनीम कितीही दक्ष असला तरी एवढ्या मोठ्या नकलेत एखादे अक्षर चुकणारच. निसर्गाने हे ओळखून चुका शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची व्यवस्थाही पेशीतच ठेवली आहे.

या व्यवस्थेत तीन प्रकारची जनुके महत्त्वाची असतात. काही जनुके पेशीला वाढण्याची आज्ञा देतात. ‘रास’ हे त्यांपैकी एक. काही जनुके वाढीला लगाम घालतात. १९७९ साली शोध लागलेले ‘पी-५३’ नावाचे प्रथिन हे त्यांतले प्रमुख. ते जणू हिशेब-तपासनीसाचे काम करते. नकलेत चूक दिसली की ते पेशीचे विभाजन थांबवते आणि चूक दुरुस्त होण्याजोगी नसेल तर त्या पेशीला नष्ट होण्यास भाग पाडते. तिसऱ्या प्रकारची जनुके मोडलेला डीएनए सांधतात. स्तनाच्या व बीजांडकोशाच्या आनुवंशिक कर्करोगाच्या संदर्भात ज्यांची नावे ऐकू येतात, ती ‘ब्राका-१’ आणि ‘ब्राका-२’ ही जनुके या वर्गातील आहेत.

आता आज्ञा देणारे जनुक बिघडून सतत ‘वाढ, वाढ’ म्हणू लागले, लगाम घालणारे जनुक निकामी झाले आणि दुरुस्तीची व्यवस्थाही कोलमडली, तर ती पेशी बेबंद होते. एका चुकीने सहसा कर्करोग होत नाही. अनेक चुका वर्षानुवर्षे साचत जातात. म्हणूनच वय वाढते तसा हा रोग अधिक आढळतो. माणसांच्या कर्करोगांपैकी जवळपास निम्म्यांत पी-५३ बिघडलेले सापडते. तपासनीसच जागेवर नसेल तर पेढीचे काय होईल, हे व्यापारी समाजाला सांगण्याची गरज नाही. बेबंद पेशी पुढे स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात आणि रक्तातून वा लसिकेतून दूरच्या अवयवांत जाऊन बसतात. बहुतेक रुग्णांचा मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर या पसरण्यामुळे होतो. गाठ एका जागी असताना ती काढणे आणि पसरल्यावर तिचा पाठलाग करणे, यांत फार मोठे अंतर आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या एका महिन्याची किंमत ही अशी असते.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा रुग्णाची सेवा केल्याने होत नाही. तो कोणा कुटुंबावरचा कलंकही नाही. असाता वेदनीय कर्माचा उदय असे आपण म्हणतो. परंतु उदयाच्या वेळी पुरुषार्थ सोडून द्यावा, असे जिनशासनाने कधीही शिकवलेले नाही.

पेशीच्या विभाजनातील आणखी एक रचना ध्यानात ठेवली पाहिजे, कारण वनस्पतीजन्य औषधे नेमकी तेथेच काम करतात. वहीची नक्कल पूर्ण झाल्यावर दोन्ही प्रती दोन नव्या पेशींत सारख्या वाटल्या जाव्या लागतात. त्यासाठी पेशी ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून अतिसूक्ष्म धागे विणते. सूतकताईच्या चातीसारखा आकार धारण करून हे धागे दोन्ही प्रतींना दोन टोकांकडे ओढून नेतात आणि काम संपले की उसवले जातात. विणणे आणि उसवणे या दोन्ही क्रिया वेळेवर झाल्या तरच विभाजन पूर्ण होते. यांपैकी एक जरी अडली, तरी पेशी मध्येच अडकून मरते.

आता डॉ. वाणी यांच्याकडे वळू. मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या खानदेशातील नंदुरबार येथे १९२५ साली त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले. १९६२ साली इंडियाना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मनरो वॉल यांच्यासमवेत ते काम करू लागले. त्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने जगभरच्या वनस्पती गोळा करून त्यांचे अर्क तपासण्याची मोठी मोहीम हाती घेतली होती. दोन दशकांत एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. त्यांतून प्रत्यक्ष औषध होऊन रुग्णापर्यंत पोहोचलेले पदार्थ बोटांवर मोजण्याइतके आहेत. झाडपाल्याचा काढा सुचवणाऱ्या प्रत्येकाने ही दोन संख्यांची तुलना मनात ठेवावी.

वॉल आणि वाणी यांच्यापुढे आलेले पहिले झाड चीनमधले होते. तेथे त्याला ‘आनंदवृक्ष’ अशा अर्थाचे नाव आहे. त्यातून त्यांनी कॅम्प्टोथेसिन नावाचा पदार्थ वेगळा केला आणि १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. दुसरे झाड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील यू नावाचे सूचिपर्णी झाड. त्याच्या सालीचे नमुने १९६२ साली गोळा झाले होते. १२ किलो वाळलेल्या सालीतून त्यांच्या हाती सुमारे अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ आला. त्याला टॅक्सॉल हे नाव मिळाले आणि १९७१ साली त्याची रचना जगापुढे आली. आज तेच औषध पॅक्लिटॅक्सेल या नावाने ओळखले जाते.

पदार्थ सापडला, परंतु तो काम कसा करतो हे ठाऊक नव्हते. १९७९ साली अमेरिकेतील डॉ. सुझन हॉर्विट्झ यांनी ते कोडे सोडवले. मघाशी सांगितलेले पेशीतील धागे टॅक्सॉल विणू देते, पण उसवू देत नाही. धागे घट्ट गोठून राहतात आणि वाढीच्या घाईत असलेली कर्कपेशी त्यांतच अडकते. कॅम्प्टोथेसिनची तऱ्हा निराळी आहे. डीएनए हा दोन पदरी, पीळ दिलेल्या सुतासारखा असतो. नक्कल करताना पीळ उलगडावा लागतो, आणि सूत उलगडताना पुढे पीळ आवळत जातो, हा अनुभव सर्वांचाच आहे. तो ताण घालवण्यासाठी टोपोआयसोमरेज नावाचे एक प्रथिन सुताचा एक पदर कापते, पीळ सोडवते आणि पदर पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या प्रथिनाला कापल्यानंतर जोडूच देत नाही. तुटलेले पदर साचतात आणि पेशी मरते. हे रहस्य १९८५ साली उलगडले.

त्यानंतरचा प्रवासही सोपा नव्हता. कॅम्प्टोथेसिनचे रुग्णांवरील पहिले प्रयोग १९७०च्या दशकात थांबवावे लागले, कारण रुग्णांच्या मूत्राशयाला गंभीर इजा होऊ लागली. झाडातून आलेला पदार्थ म्हणून तो निरुपद्रवी ठरला नाही. त्याच्या रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधे तयार झाली, आणि १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. टॅक्सॉलला बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी १९९२ साली आणि स्तनाच्या कर्करोगासाठी १९९४ साली मान्यता मिळाली. १९६२ ते १९९२ आणि १९६६ ते १९९६. दोन्ही औषधांना तीस-तीस वर्षे लागली. डॉ. वाणी यांनी दोन्ही औषधे रुग्णापर्यंत पोहोचलेली पाहिली. २००० साली त्यांना व डॉ. वॉल यांना चार्ल्स केटरिंग पारितोषिक देण्यात आले. २०२० साली वयाच्या ९५व्या वर्षी डॉ. वाणी यांचे निधन झाले. ज्या शोधाने अगणित भगिनींचे आयुष्य वाढले, त्याचा एक कर्ता नंदुरबारचा होता, हे महाराष्ट्रातील फार थोड्या घरांत माहीत आहे.

परदेशातील झाडांची ही कथा झाली. आपल्या अंगणातही एक साक्षीदार उभा आहे. दिघ्यात पारसिक डोंगराच्या उतारावर, चाळींच्या दारांत, गॅलरीतल्या कुंड्यांत बारमाही फुलणारी सदाफुली कोणी पाहिली नाही? तिचे मूळ घर मादागास्कर बेट. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा घेण्याची समजूत अनेक देशांत होती. १९५२ साली जमैका बेटावरून तिची पाने कॅनडात पाठवली गेली. तेथे रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी अर्क तपासला, तेव्हा रक्तातील साखर काही उतरली नाही, उलट उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. मधुमेहाचे औषध शोधताना त्यांना पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाची किल्ली सापडली. १९५८ साली विनब्लास्टिन जगापुढे आले आणि १९६३ साली विनक्रिस्टिनला मान्यता मिळाली. ही औषधे पेशीतील धागे विणूच देत नाहीत. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात पूर्वी मृत्यू जवळजवळ निश्चित असे. आज विनक्रिस्टिनसह अन्य औषधांच्या एकत्रित उपचाराने त्यांतील बहुसंख्य मुले बरी होऊ शकतात.

मात्र येथेच सावध राहिले पाहिजे. विनक्रिस्टिनची मात्रा मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलीग्रॅमपेक्षा अधिक देत नाहीत. ती शिरेतूनच द्यावी लागते. चुकून पाठीच्या कण्यात गेली तर रुग्ण दगावतो. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. तेव्हा सकाळी सदाफुलीची चार पाने चघळणाऱ्याला औषधाची नेमकी मात्रा मिळणे शक्य नाही. त्याच्या वाट्याला पानांतील इतर विषारी द्रव्ये मात्र येतात. पानात औषध आहे आणि पान हे औषध आहे, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सह्याद्रीच्या जंगलातही असेच एक झाड आहे. त्याचे नाव नरक्या. त्याला येणाऱ्या दुर्गंधीमुळे हे नाव पडले असावे. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या भागांत ते आढळते. मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात डॉ. गोविंदाचारी व डॉ. विश्वनाथन यांनी १९७२ साली या झाडात तेच कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. औषधाचा मोठा साठा आपल्याच डोंगरात सापडला, ही आनंदाची वार्ता होती. परंतु औषधाला जगात मागणी आली तशी या झाडावर कुऱ्हाड कोसळली. औषधी द्रव्य खोडात आणि विशेषतः मुळांत असल्याने झाडे मुळासकट उपटली गेली, चोरून वाहून नेली गेली. आज नरक्या संकटग्रस्त वनस्पतींत मोडते.

अनेक जैन मंदिरांत व उपाश्रयांत षड्लेश्येचे चित्र लावलेले असते. सहा भुकेले वाटसरू जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्या तोडू पाहतो, चौथा फळांचे घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळे आपल्या भुकेला पुरेशी आहेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत मनाचे हे सहा रंग. भूक सहाही जणांची सारखीच आहे, फरक आहे तो घेण्याच्या रीतीत. नरक्या उपटणारे पहिल्या वाटसरूच्या मार्गाने गेले. अमेरिकेतही प्रथम यू झाडाची साल सोलली गेली आणि सोललेली झाडे मेली. पुढे शास्त्रज्ञांनी युरोपातील यूच्या पानांतून मिळणाऱ्या पदार्थापासून तेच औषध तयार केले. पाने तोडली तरी झाड जगते आणि पुन्हा पालवते. त्यानंतर तर यूच्या पेशी कारखान्यातील टाक्यांत वाढवून औषध मिळवण्याची पद्धत आली आणि जंगलातील झाडाला हात लावण्याचेही कारण उरले नाही. वनस्पतिकायातही जीव आहे असे मानणाऱ्या धर्माला याहून आनंदाची गोष्ट कोणती? व्यापारी समाजावर यातून एक जबाबदारीही येते. जंगलातून चोरून तोडलेल्या औषधी मालाच्या व्यवहाराला, नफा कितीही दिसला तरी, जैन पेढीने हात लावू नये.

आता हळदीविषयी. आपल्या समाजात ओली हळद कंदमूळ म्हणून वर्ज्य मानणारी अनेक घरे आहेत, पण वाळलेली हळद तर प्रत्येक स्वयंपाकघरात असते. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु त्यावरून हळद कर्करोग बरा करते असा निष्कर्ष निघत नाही. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बशीत कर्कपेशींना मारते, हे अनेकदा दिसले आहे. बशीतील पेशी मिठाच्या तीव्र पाण्यानेही मरतात. माणसाच्या शरीरात कर्क्युमिन फार थोडे शोषले जाते आणि शोषलेलेही यकृत लवकर बाहेर टाकते. कर्करोगावरचे औषध म्हणून त्याला अद्याप मान्यता नाही. हळद वरणात असावी. उपचाराच्या जागी ती बसवू नये.

बशीतील पेशींवरून एका थोर मराठी विदुषीचे स्मरण होते. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ साली पुण्यात झाला. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली पेशी-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. शरीराबाहेर पेशी वाढवून त्यांच्यावर अभ्यास करण्याची सोय भारतात त्यांच्यामुळे झाली. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. त्या संघटनेचे कार्य आज आपल्याच नवी मुंबईत, वाशी येथून चालते. खानोलकर-रणदिवे यांच्या संस्थेची परंपरा चालवणारी संशोधन शाखा २००२ साली खारघरला आली. टाटा मेमोरियल सेंटरचे ‘ॲक्ट्रेक’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे केंद्र ते हेच. तेथे संशोधन चालते आणि रुग्णांवर उपचारही होतात. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाल्यापासून ठाणे-पनवेल लोकलने येथून थेट खारघरला जाता येते. ज्या ज्ञानासाठी वाणी सातासमुद्रापार गेले, त्याचे एक दार आज दिघ्याच्या रहिवाशांना एका गाडीवर आहे. तरीही कोणी काढ्यासाठी महिनाभर थांबत असेल, तर दोष अंतराचा नाही.

थांबण्याची किंमत मोजलीही गेली आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा रोग बरा होण्याजोग्या अवस्थेत होता, अशा रुग्णांपैकी ज्यांनी रुग्णालयातील उपचार नाकारून केवळ पर्यायी उपाय स्वीकारले, त्यांना मृत्यूचा धोका अडीच पट अधिक आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता. चालू उपचारासोबत गुपचूप घेतलेली वनस्पतीही घात करू शकते. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इरिनोटेकॅनच्या परिणामकारक घटकाचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटलेले आढळले. एका झाडाने दुसऱ्या झाडापासून आलेल्या औषधाचे बळ काढून घेतले. म्हणून रुग्णाने घरी जे काही घेतले असेल, काढा, चूर्ण, भस्म, ते सर्व डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. वैद्य आणि डॉक्टर यांच्यात भांडण लावण्याचे कारण नाही. दोघांना एकमेकांचे उपचार ठाऊक असणे मात्र आवश्यक आहे.

आपल्या आचारधर्माशी निगडित एक प्रश्न महत्त्वाचा आहे. केमोथेरपी चालू असताना उपवास, आयंबिल किंवा चौविहार कसा करावा? काही औषधांबरोबर भरपूर पाणी पिणे गरजेचे असते, काही औषधे ठरलेल्या वेळीच घ्यावी लागतात, आणि आधीच खालावलेले शरीर निराहाराने आणखी खचते. पच्चक्खाणाच्या पाठातच आजारपणासाठी आगार, म्हणजे सवलत, ठेवलेली आहे. पूर्वाचार्यांनी ती विचारपूर्वक ठेवली आहे. तेव्हा रुग्णाने गुरुमहाराजांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून निर्णय घ्यावा. घरातील मंडळींनी त्याच्या मनात अपराधाची भावना निर्माण करू नये.

आणि एक कटू सत्य. आपला समाज मद्यमांसापासून दूर आहे, याचा अभिमान योग्यच. पण तंबाखू, मिश्री आणि सुपारी यांचे काय? तोंडाचा कर्करोग आणि तंबाखूच्या सवयी यांचा संबंध डॉ. खानोलकरांनी फार पूर्वी दाखवून दिला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ गटाने २००३ साली दिला, हे अनेकांना माहीत नाही. सुपारीही झाडाचेच फळ आहे. दुकानात गिऱ्हाइकापुढे आणि समारंभात पाहुण्यापुढे जी सुपारीची तबकडी आदराने फिरवली जाते, तिच्या जागी बडीशेप आणि धणाडाळ ठेवली, तर ती या सुवर्ण महोत्सवाची चिरस्थायी आठवण ठरेल.

मुंबईतील वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख महिलांचा एक मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून केवळ डोळ्यांनी केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ साली जाहीर झाले. महागडे यंत्र नाही, दुर्मीळ वनस्पती नाही, केवळ वेळेवर केलेली तपासणी. महिला मंडळाने दरवर्षी पर्युषणाआधी एक दिवस अशा तपासणीसाठी राखून ठेवला, तर कितीतरी संसार वाचतील. खर्चाची अडचण असणाऱ्या साधर्मिकांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तिची कागदपत्रे भरून देण्याचे काम युवक मंडळाने अंगावर घ्यावे.

चार दानांत औषधदानाला स्थान आहे आणि वैयावृत्त्य, म्हणजे रुग्णसेवा, हे आभ्यंतर तप मानले आहे. रुग्णासोबत खारघरला जाणे, रांगेत उभे राहणे, घरी त्याचा आजार नाव घेऊन बोलणे, आणि ‘आधी महिनाभर हे करून पाहू’ असे कोणी म्हणाले तर नम्रपणे परंतु ठामपणे ‘नाही’ म्हणणे, हे आजच्या काळातील वैयावृत्त्य आहे. नंदुरबारच्या त्या शास्त्रज्ञाने एका सालीतील अर्धा ग्रॅम सत्यासाठी वर्षानुवर्षे धीर धरला, तो यासाठी की रुग्णाला वाट पाहावी लागू नये. ते औषध आज तयार आहे. उशीर आपल्याकडून होऊ नये, एवढेच.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!